‘जिन्याखालचे’ : चर्चापान

२ जुलै

चि. खारे,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या ऑनलाइन ज्ञानकोशात माणसं काम करतात की कात्र्या? तूच म्हणालीस म्हणून आपल्या ‘जिन्याखालचे’चं पान लिहायला बसलो. एवढी वर्षं गाणारा बँड, आणि त्याच्यावर कुठे चार ओळी नाहीत, हे मलाही बरं वाटत नव्हतं. सगळं मनापासून लिहिलं. शाळेच्या जिन्याखाली मोडकी बाकं आणि फाटके नकाशे ठेवायचे, तिथे आम्ही पहिल्यांदा कसे जमलो. मुलं ज्या कविता परीक्षेपुरत्या घोकतात आणि निकालाच्या दिवशी विसरतात, त्यांना आम्ही चाली कशा लावल्या. तुझ्या आईचा गळा, ढग्याचे ड्रम, माझं निवेदन. गिटारवाले आणि पेटीवाले येत-जात राहिले, आम्ही तिघं मात्र केस पिकेपर्यंत राहिलो.

तुझ्या आईबद्दल मी लिहिलं होतं, ‘पहाटेच्या दवात भिजलेला कोकिळेचा स्वर.’ दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिथे, ‘गायिकेचा आवाज उंच पट्टीतला होता.’ खाली बदल करणाऱ्याने कारण दिलंय, ‘पक्षी काढला.’ मी या गृहस्थांचं नाव कात्रीबुवा ठेवलंय.

तेही चालवून घेतलं असतं. पण शेवटचं वाक्यच उडवलंय. आठ वर्षांपूर्वीच्या त्या शेवटच्या कार्यक्रमाचं. मी लिहिलं होतं, ‘मद्याच्या धुक्यात ढोलवादकाचा ताल हरवला, आणि एका कोकिळेचा कंठ कायमचा मिटला.’ एवढं तरी राहायलाच हवं. ढग्या पिऊन आला, भर गाण्यात ड्रमसकट कोसळला, लोक हसले, आणि माझी धाकटी बहीण त्या दिवसापासून गायली नाही. गाणं सुटलं आणि मग तिचं एकेक करत सगळंच सुटत गेलं. आज ती तुला शेजारीण समजते, त्याचं मूळ त्या संध्याकाळी आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. वाक्य परत कसं आणायचं ते सांग.

तुझा मामा


४ जुलै

ती. मामा,
सा. न.

तुमचं पत्र प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत वाचलं. हसू आलं, आणि शेवटी डबा तसाच बंद केला.

आधी सोपं सांगते. कोशात आपण आठवण लिहीत नाही, नोंद लिहितो. दव, पहाट, कोकिळा वाचणाऱ्याच्या मनात आपोआप आली तर येऊ द्यावी, आपण घालायची नाही. ‘सुप्रसिद्ध’ लिहायचं नाही, कुठे किती कार्यक्रम झाले ते लिहायचं. ‘अविस्मरणीय’ तर मुळीच नाही. कात्रीबुवा वाईट माणूस नाही. तुमच्या तीन परिच्छेदांतून त्याने जिन्याखालची मोडकी बाकं तशीच ठेवलीत, बघा. ते वाक्य चांगलं आहे हे त्यालाही कळलंय.

आता अवघड. ढग्याकाकांचं ते वाक्य परत आणू नका. जिवंत माणसाबद्दल वाईट काही लिहायचं तर छापील, विश्वासाचा, दुसऱ्या कुणाचा तरी पुरावा लागतो. ‘मी पाहिलंय’ हा पुरावा तिथे चालत नाही, पाहणारा कितीही खरा असला तरी. मी त्या पानाला हात लावू शकत नाही, कारण गायिका माझी आई आहे आणि तसं मी चर्चापानावर, जिथे संपादक आपसात बोलतात तिथे, जाहीर केलंय. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतेय.

आई बरी आहे. काल तिने माझ्या हातात चहा दिला आणि विचारलं, ‘तुमच्या घरी कोण कोण असतं?’

खार


९ जुलै

चि. खारे,

पुरावा मिळाला. कालच्या पेपरची रविवारची पुरवणी पाहा. तिथला उपसंपादक माझा जुना विद्यार्थी, वर्गात शेवटच्या बाकावर बसून पाठ्यपुस्तकाच्या समासात चित्रं काढायचा. त्याला फोन केला, त्याने अर्धं पान दिलं. माझं वाक्य जसंच्या तसं, धुकं आणि कोकिळा दोन्हींसकट. मला फार काही सांगावंही लागलं नाही. कोशातून उडवलेला माझा मूळ मजकूर त्याला पाठवला, त्याने त्याला मथळा दिला.

आता छापील आहे, दुसऱ्याचं आहे, विश्वासाचं आहे. वाक्य परत घातलं, खाली पेपरचा संदर्भ दिला. कात्रीबुवांनी एकदा काढलं, मी घातलं. आणखी कुणी काढलं, मी पुन्हा घातलं. म्हातारा असलो तरी मराठी शिकवण्यात हयात गेली आहे, एकच ओळ शंभरदा लिहून घ्यायची आणि लिहायची मला सवय आहे.

आज ते जागेवर आहे. धाकटीला न्याय मिळाला असं वाटलं.

मामा


११ जुलै

मामा,

न्याय नाही मिळाला, पान कुलूपबंद झालंय. दोन बाजूंनी असं ओढाओढीचं संपादन सुरू झालं की व्यवस्थापक पान आहे त्या स्थितीत बंद करतात. ते बंद झालं तेव्हा तुमचं वाक्य आत होतं. आता बावीस तारखेपर्यंत ते कुणालाही सहजासहजी काढता येणार नाही.

आणि हे नीट वाचा. ढग्याकाका वॉर्डातल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मुलांना ड्रम शिकवतात. तुम्हाला ते माहीत नसेल, कारण तुम्ही त्यांचं नावही घेऊ देत नाही. एका विद्यार्थ्याची आई माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. तिने सांगितलं, कुणा पालकाने कोशाचं पान आणि पेपरचं कात्रण दोन्ही छापून वाचनालयाच्या मंडळाला दिलंय. एकवीस तारखेला मंडळ बसणार आहे. वर्ग बंद करावा असं बहुतेकांचं मत आहे. लहान मुलं आहेत, कुणालाही भीती वाटेलच.

काकांना दुसरं काही नाही, मामा. काकू गेल्यावर तो वर्गच त्यांचा दिवस आहे. ती म्हणाली, मुलं यायच्या कितीतरी आधी येऊन ते खुर्च्या मांडत बसतात.

मला एवढंच सांगा. पेपरवाल्याकडे तुमच्या मजकुराशिवाय दुसरा कुणी बोलला होता का? नसेल तर तो पुरावा नव्हे, आपलंच वाक्य फिरून आपल्याकडे आलंय. आणि दुसरं. काका पडले त्या क्षणी तुम्ही नेमके कुठे उभे होता?

खार


१३ जुलै

चि. खारे,

मामाची उलटतपासणी घ्यायला लागलीस. ठीक आहे.

मी फाटकाशी होतो. प्रमुख पाहुण्यांची गाडी यायची होती आणि बाहेर पावसाची भुरभुर होती म्हणून छत्री घेऊन उभा होतो. आवाज झाला तसा धावत आलो. झांजा अजून फिरत होत्या. ढग्या सगळ्या पसाऱ्यात बसला होता, धाकटी माइकपाशी पांढरीफटक. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘प्यायलाय वाटतं.’ ढग्याने ते ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. आणि काही न बोलता मागच्या दाराने निघून गेला. न केलेल्या गोष्टीचा आरोप कुणी असा गिळतो का? त्यानंतर एकदाही तो माझ्या दारात आला नाही. खरा असता तर आला असता.

मी तरी त्याच्या दारात गेलो का, असं तू विचारशील. नाही गेलो. मान खाली घालून कुणी जायचं, हे ठरलेलं होतं.

पेपरवाला दुसऱ्या कुणाशी बोलला की नाही मला ठाऊक नाही. विचारणारही नाही. ढग्याच्या वर्गाचं वाईट वाटतं, पण माझ्या बहिणीचं जास्त वाटतं. त्याच्याकडे निदान मुलं आहेत. तिच्याकडे काय उरलंय?

मामा


१५ जुलै

मामा,

त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण मिळालं.

माइकवाले काका तुम्हाला आठवतात? ते प्रत्येक कार्यक्रम टिपून ठेवायचे. मी त्यांना फोन केला, त्यांच्या मुलाने फाइल पाठवली. सोबत जोडलीय. आठ वर्षं ती त्यांच्या कपाटात होती, कुणी मागितलीच नाही.

मी ती प्रयोगशाळेतल्या सामानाच्या खोलीत, दार लावून ऐकली. तुम्ही ऐकायच्या आधी काय ऐकाल ते सांगते, कारण तुम्हाला एकदम ऐकू द्यायला मन होत नाही.

नावेची कविता आहे. चौथीच्या पुस्तकातली, हॉलमधल्या प्रत्येकाला पाठ असलेली. आई पहिलं कडवं गाते. दुसरं गाते. मग पुन्हा दुसरंच गाते. लोक थोडे चुळबुळतात. तिसऱ्या कडव्याआधी ढग्याकाका जे नेहमी वाजवायचे ते वाजवतात, म्हणजे ‘ये, आता इथून.’ आई येत नाही. ते पुन्हा वाजवतात. ती एक शब्द म्हणते, अर्धा, आणि थांबते. ते तिसऱ्यांदा वाजवतात, अगदी हळू, लहान मुलाला बोट धरून पायरी दाखवावी तसं. गप्प. पुढून एक बाई हसते, दुसरी तिला सामील होते, कुणीतरी ओरडून शब्द सांगतं. आई श्वास घेते तो माइकमध्ये ऐकू येतो. आणि त्यानंतर तो आवाज होतो, झांजांचा, ड्रमचा, सगळ्याचा. मग सगळे हसतात. पण तिला नाही, मामा. त्यांना.

प्यायलेला माणूस एकाच जागी तीनदा इतकं नेमकं वाजवू शकत नाही.

गाणं सुटलं म्हणून आईचं बाकीचं सुटत गेलं, असं आपण घरात इतकी वर्षं म्हणतोय. उलटं झालं होतं. ते आधी सुरू झालं होतं, आणि सगळ्यात आधी ते त्यांना कळलं. मागे बसून.

फोन करू नका. मला आता बोलता येणार नाही.

खार


१८ जुलै

मामा,

तुमचं उत्तर नाही. शेजारच्यांना विचारलं, ते म्हणाले तुम्ही फिरायला जाता, दूध घेता, म्हणजे ठीक आहात. रागावला असाल तर नंतर रागवा. मध्ये दोनच दिवस आहेत.

हे ध्वनिमुद्रण कोशात वापरता येणार नाही. आपण ऐकून काढलेला अर्थ तिथे चालत नाही, आणि मला तो चालवायचाही नाही. आईसुद्धा जिवंत व्यक्ती आहे. जगाने तिच्या पानावर ती पहिल्यांदा कुठे विसरली हे वाचावं, असं मला वाटत नाही.

पण वाक्य काढता येईल. कात्रीबुवांनी चर्चापानावर लिहिलंय, ‘पेपरातला मजकूर आमच्या पानाच्या जुन्या आवृत्तीशी शब्दशः जुळतो. कोकिळेसह. हा स्वतंत्र संदर्भ वाटत नाही, मात्र मूळ लेखकाने तसं सांगितलं तर निर्णय सोपा होईल.’ ते मूळ लेखक तुम्ही. तुम्ही तिथे, सगळ्यांसमोर लिहिलंत की तो मजकूर मीच पाठवला, तर व्यवस्थापक कुलूप असूनही वाक्य काढतील. दुसरं कुणीच हे करू शकत नाही.

खार


१८ जुलै, संध्याकाळ

चि. खारे,

ऐकलं. एकदाच. पुन्हा ऐकवेल असं वाटत नाही.

रागावलेलो नाही. तुझं पत्र आल्यापासून काय लिहावं ते सुचत नव्हतं. सुचणं या गोष्टीची आता थोडी भीतीच वाटते.

चर्चापानावर लिहून आलो. ‘पेपरातला मजकूर मी पुरवला. दुसऱ्या कुणी तो तपासलेला नाही. मी त्या वेळी सभागृहात नव्हतो.’ तीनदा वाचलं. कुठेही विशेषण सापडलं नाही.

वाक्याच्या जागी काय घालायचं ते तुम्ही कोशवालेच ठरवा. माझ्याकडून नको.

मामा


२० जुलै

मामा,

वाक्य गेलं. कात्रीबुवांनी तुमच्या खाली लिहिलंय, ‘आभारी आहे. असं सहसा कुणी लिहीत नाही.’ त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

जागा रिकामी ठेवावी की काही लिहावं, यावर सकाळभर चर्चा झाली. कुणी म्हणालं, ‘तांत्रिक अडचणीमुळे’ लिहा. मी चर्चेत एवढंच म्हटलं की कारण माहीत नसेल तर कारण लिहू नये. आता तिथे आहे, ‘शेवटच्या जाहीर कार्यक्रमात तिसऱ्या गाण्यादरम्यान कार्यक्रम थांबला.’ संदर्भ म्हणून त्या वेळच्या पेपरातली दोन ओळींची बातमी.

पण मंडळाच्या हातात जुना छापील कागद आहे, आणि ते कात्रण. कागदाला कोण सांगणार की पान बदललंय? तुम्हाला उद्या जावं लागेल. सहा वाजता, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. मी येणार होते, पण आईला सांभाळायला येणाऱ्या बाईंना ताप आहे.

आणि एक. तिथे कुणी विचारलं की मग त्या दिवशी झालं काय, आणि दुसरा इलाज उरला नाही, तर आईचं सांगा. तिला विचारून परवानगी घेण्याची वेळ गेली, म्हणून मी देतेय. काकांचा वर्ग जायला नको.

खार


२२ जुलै

चि. खारे,
अनेक आशीर्वाद.

काल परतायला उशीर झाला, म्हणून आज लिहितो.

हॉलमध्ये मंडळाची पाच माणसं लांब टेबलामागे, पालक खुर्च्यांवर, आणि ढग्या कडेला एका लहान मुलांच्या बाकड्यावर, गुडघे छातीशी आलेले. किती वाळलाय. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. मला पाहून त्याने मान फिरवली. मी मागे उभा राहिलो.

अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर आहेत, फार गोड आवाजात फार सरळ विचारतात. त्यांनी तो कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘यात लिहिलंय ते खरं आहे का?’

मी तोंड उघडायच्या आत ढग्या उभा राहिला. ‘खरं आहे,’ म्हणाला. ‘त्या दिवशी घेतली होती. नंतर थेंब नाही.’

खारे, आपला वर्ग पणाला लागलेला असतानाही त्याने तेच केलं. आठ वर्षांपूर्वी जे केलं, तेच. आता तर ते ऐकायला धाकटी तिथे नव्हतीही.

‘हा खोटं बोलतोय,’ मी मागून म्हणालो.

सगळे वळले. चिटणीसांनी विचारलं, ‘आपण कोण?’

‘त्या कागदावरचं ते वाक्य माझं आहे.’

‘म्हणजे पेपरवाले तुम्ही?’

‘नाही. पेपरने माझ्याकडून घेतलं. आणि मी कुणाकडून घेतलं नाही, मला ते सुचलं. मी तिथे नव्हतो. बाहेर छत्री धरून उभा होतो. एक उपमा सुचली आणि छान जमली म्हणून मला ती खरी वाटली. या माणसाला मी जिन्याखाली बसायचो तेव्हापासून ओळखतो. लग्नातसुद्धा सरबत मागायचा. आम्ही त्याला हसायचो.’

एक पालक म्हणाला, ‘मग हे स्वतः हो कशाला म्हणतायत?’

‘त्यांना विचारा,’ मी म्हणालो. ढग्या पायाच्या अंगठ्याने फरशीवर काहीतरी वाजवत होता.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. ‘बरं, मग त्या दिवशी झालं तरी काय?’

ढग्याने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत वर्गाची काळजी नव्हती. तुझी परवानगी माझ्या खिशात घडी करून होती. मी घरून निघताना ठरवून आलो होतो की सांगायचं.

‘कार्यक्रम थांबला,’ मी म्हणालो.

‘का?’

‘ते कुठे लिहिलेलं नाही.’

कुणीतरी खुसखुसलं. चिटणीसांनी मोबाइलवर पान उघडलं, वर-खाली केलं आणि म्हणाले, ‘इथेही आता एवढंच आहे, मॅडम.’ मग ती पाच डोकी टेबलावर एकत्र आली आणि बराच वेळ कुजबुजत राहिली. मी तेवढ्यात भिंतीवरचे सगळे नियम वाचून काढले.

वर्ग चालू राहणार आहे. अट अशी, की रोज एक पालक आत बसेल. मला ते लागलं. ढग्या मात्र म्हणाला, ‘बसू दे की. मुलांना टाळ्या वाजवायला कुणीतरी हवंच.’

खाली सायकली लावायच्या जागी त्याने मला गाठलं. खिशातून सायकलची किल्ली काढली. मग म्हणाला, ‘इतकं कोरडं बोलायला कधी शिकलास?’

‘शिकवणी लावलीय,’ मी म्हणालो.

‘तू ते ऐकलंस.’

‘ऐकलं.’

मी माफीचं काही बोलायला सुरुवात केली. पहिलं वाक्य चांगलं लांब होतं, वाटेतच त्याने हात वर केला. ‘निवेदन नको,’ म्हणाला. मग कुलूप उघडलं, सायकल काढली, पुन्हा लावली. ‘कशी आहे ती?’

सांगितलं. लपवलं काहीच नाही. तुला शेजारीण समजते तेही सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘एकदा येऊन जाऊ?’

‘ये. पण तिने ओळखलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस.’

‘मी मागे बसायचो,’ तो म्हणाला. ‘मला तिने असं पाहिलंय तरी कुठे?’

तर खारे, पुढच्या रविवारी दुपारी आम्ही दोघं येतो. धाकटीची खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेव. आणि तिच्या मागे एक रिकामी असू दे.

तुझा मामा